हलू नका

मागच्या रविवारी भाची माझ्या खुर्चीमागं उभी राहून लॅपटॉपमध्ये डोकावत होती. मी शंभरेक वर्षांपूर्वीच्या रशियातले रंगीत फोटो बघत बसले होते. हातानं रंगवलेले नव्हेत, खरोखर रंगात टिपलेले. एका बांधकामावरच्या मजुरांचा घोळका होता. सगळे खिळ्यानं ठोकल्यासारखे उभे, आणि अगदी कडेला एकाच माणसाच्या जागी तीन माणसं: एक लालसर, एक हिरवट, एक निळसर, एकमेकांच्या अंगातून आरपार दिसणारी. "आत्या, हे भूत आहे?" तिनं विचारलं. म्हटलं, नाही गं, फोटो काढताना तो हलला असणार. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्याला ओरडले का?"

मला उत्तर देता आलं नाही. ती खेळायला पळाली, पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून हलेना.

हे फोटो सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या माणसानं काढले. मूळचा रसायनशास्त्राचा अभ्यासक. १९०९ साली त्यानं झार दुसऱ्या निकोलसला पडद्यावर आपली रंगीत चित्रं दाखवली. झार इतका खूश झाला की साऱ्या साम्राज्याचे फोटो काढत हिंडायला त्यानं त्याला रेल्वेचा एक खास डबा दिला. त्या डब्यातच फोटो धुवायची काळोखी खोली होती. पुढची काही वर्षं तो उरलपासून बुखाऱ्यापर्यंत फिरला. त्याची पद्धत अशी होती: काचेची एक लांबट पट्टी, तिच्यावर एकाखाली एक असे तीन फोटो, एक निळ्या काचेतून, एक हिरव्या, एक लाल. नंतर तिन्ही एकावर एक पाडले की खरे रंग उमटायचे. पण तिन्ही फोटो होईपर्यंत समोरच्यानं दगडासारखं राहायचं. जो हलला, त्याचे तीन रंग तीन दिशांना सुटले. नदीचं पाणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून त्याच्या नद्यांच्या अंगावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात.

त्यातल्या एका फोटोवर मी नेहमी थांबते. १९१० सालचा, उरलमधल्या झ्लातौस्तचा. तिथल्या शस्त्रांच्या कारखान्यातला कालगानोव नावाचा जुना कारागीर, वय ७२, त्यातली ५५ वर्षं कामावर. सोबत त्याचा मुलगा आणि नात, दोघंही त्याच कारखान्यात कामाला. म्हातारा जुन्या रशियन पेहरावात, भरघोस दाढी. मुलगा आणि नात मात्र शहरी, नव्या वळणाच्या कपड्यांत. एका काचेवर तीन पिढ्या. या म्हाताऱ्यानं कधीकाळी झारला ब्रेड-मीठ देऊन त्याचं स्वागत केलं होतं, त्याचा त्याला फार अभिमान. त्या नातीला कशाचा अभिमान होता, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी तिच्याकडेच बघत बसते.

आमच्या घरीही असा एक फोटो आहे. १९५८चा, कृष्णाकाठच्या आमच्या मळ्यातल्या वस्तीवरचा. त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं. आसपासच्या पाच-सहा वाड्यांमध्ये पहिलं. मोट सुटली, बैलांचे हाल संपले, उसाला पाणी पुरायला लागलं. त्या आनंदात तालुक्याहून फोटोग्राफर बोलावला होता. तिकाटण्यावरचा लाकडी कॅमेरा, डोक्यावरून काळं फडकं, आणि "कुणी हलू नका" अशी ताकीद. फोटोत आबा फेट्यात, ताठ. आजी डोईवर पदर घेऊन. माझे वडील, काका. आणि उजवीकडे थोरली आत्या, बारा वर्षांची. अंगावर परकर-पोलकं आहे, हात आहेत, वेणी आहे, पण चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी पांढुरका फराटा. ती हलली. आजी जिवंत होती तोवर तो फोटो बघून हळहळायची, की पोरीचा लहानपणाचा एवढा एकच फोटो, आणि त्यातही ही अशी.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांसारखी रशियाशी माझी ओळख मराठीत भाषांतरित झालेल्या सोव्हिएत पुस्तकांनी करून दिली. जाडसर कागद, सुरेख चित्रं, स्वस्त किंमत. त्या पुस्तकांत झारचा काळ म्हणजे एक लांबलचक रात्र असायची आणि १९१७ला सूर्य उगवायचा. पुढं कॉलेजात वाचायला लागले तेव्हा पहिला धक्का बसला तो आकड्यांनी. १८९०मध्ये सुमारे ३० हजार किलोमीटर असलेली रेल्वे दहा वर्षांत ५० हजारांच्या पुढे गेलेली. १९००च्या आसपास जगातलं निम्मं खनिज तेल एकट्या बाकूच्या परिसरातून निघत होतं. दोन्येत्सच्या खोऱ्यात कोळसा आणि पोलाद, पीटर्सबर्गला पुतिलोवचा अवाढव्य कारखाना. ही रात्र तर मुळीच झोपलेली नव्हती! आणि त्याच वर्षांत, त्याच माणसांच्या सहीनं, शाळांचे दरवाजे बंद होत होते, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी चालली होती, ज्यूंना खेड्यांत नव्यानं वस्ती करायला मनाई होत होती. एक हात गाडीला धक्का देतोय आणि दुसरा चाकाला उटी लावतोय. हे एकाच माणसाला कसं जमतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

निकोलसचा बाप, झार तिसरा अलेक्झांडर, त्याच्याबद्दल वाचताना राग येतो, पण सुरुवात कुठून झाली ते विसरता येत नाही. १८८१च्या मार्चमध्ये त्याच्या बापावर बॉम्ब पडला. भूदासांना मोकळं करणारा हाच तो दुसरा अलेक्झांडर. दोन्ही पायांचा चेंदामेंदा झालेल्या अवस्थेत त्याला हिवाळी राजवाड्यात आणलं आणि घरच्यांसमोर त्यानं प्राण सोडला. १२ वर्षांचा नातू निकोलस तिथंच उभा होता. त्याच सकाळी म्हाताऱ्या झारनं निवडून आलेल्या प्रतिनिधींना कायदे करताना सल्ल्याला बोलवायच्या योजनेला मान्यता दिली होती. मुलानं ती गुंडाळून ठेवली. त्याचा गुरू पोबेदोनोस्त्सेव, कायद्याचा प्राध्यापक आणि चर्चच्या कारभाराचा सरकारी प्रमुख. त्यानं लिहून दिलेला जाहीरनामा निघाला: एकछत्री सत्ता अढळ राहील. ऑगस्टमध्ये आणीबाणीचे 'तात्पुरते' नियम आले, तीन वर्षांसाठी. ते पुन्हा पुन्हा वाढवत गेले आणि १९१७पर्यंत टिकले. त्या काळातला लिओन्तेव नावाचा विचारवंत तर म्हणे की रशिया सडू नये म्हणून तिला थोडं गोठवायला हवं. बापाला असं मरताना पाहिलेल्या मुलाला हे पटलं असेल, यात मला नवल वाटत नाही. भीती माणसाला थंडीसारखी वेढते. आणि गोठलेली गोष्ट निदान हलत तरी नाही.

पण गोठलेल्या देशाला तोफा कुठून मिळणार? क्रिमियाच्या युद्धात रशिया हरला तो रेल्वे नव्हती म्हणूनही. त्यामुळे रूळ हवेच होते. आणि इथं माझ्या मनात घर केलेला माणूस येतो, सर्गेई विट्टे. ओडेसाला गणित शिकलेला, तिथल्याच रेल्वेत तिकिटांच्या खिडकीपासून मालधक्क्यापर्यंत सगळी कामं केलेला. १८८८ साली तो दक्षिण-पश्चिम रेल्वेचा व्यवस्थापक होता. झारच्या गाडीला दोन-दोन अवजड इंजिनं जोडून प्रवासी गाडीच्या वेगानं पळवणं त्याला धोक्याचं वाटलं आणि त्यानं वेग कमी करायला लावला. आठवणींत त्यानं लिहिलंय की झार त्याच्यावर भडकला: दुसऱ्या मार्गांवर कुणी मला अडवत नाही, तुमच्याच मार्गावर का, तर तुमचा मार्ग ज्यूंचा म्हणून! (त्या कंपनीचा मालक ज्यू घराण्यात जन्मलेला होता.) दोनेक महिन्यांनी, त्यांच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे १७ ऑक्टोबरला, खारकोवजवळ बोर्कीला दुसऱ्याच एका मार्गावर तीच गाडी रुळावरून घसरली. वीसहून जास्त माणसं गेली. राजघराणं जेवणाच्या डब्यात होतं. डब्याचं छत कोसळताना झारनं ते खांद्यावर तोलून धरलं आणि बायकापोरं बाहेर काढली, अशी कथा देशभर झाली. त्याचा कमचात्का नावाचा कुत्रा चिरडून मेला. झारनं चर्चमध्ये आभार मानले, आणि त्या उर्मट रेल्वेवाल्याला पीटर्सबर्गला बोलावून घेतलं. हे त्याचं मोठेपण मी नाकारणार नाही.

१८९२ ते १९०३ अशी अकरा वर्षं विट्टे अर्थमंत्री होता. सायबेरियाची रेल्वे, परदेशी भांडवल, सरकारी दारूविक्री, १८९७ साली रूबल सोन्याला बांधणं. १८९९मध्ये त्यानं झारला, म्हणजे तोवर गादीवर आलेल्या निकोलसला, एक गोपनीय टिपण लिहिलं. त्यात म्हटलं होतं की पश्चिम युरोपशी रशियाचे व्यवहार आज वसाहतींचे मालक देशांशी असतात तसे आहेत: कच्चा माल जातो, पक्का माल येतो. हे वाचताना दादाभाईंची आठवण न होणारा मराठी वाचक विरळा. फरक एवढाच की रशियाला स्वतःचं राज्य होतं आणि जकात लावायची ताकद होती, असं विट्टेच पुढं सांगतो. पण हा मनुष्य लोकशाहीवाला मुळीच नव्हता. एवढं काम वरून हुकूम देऊनच होईल, अशी त्याची खात्री होती. खालच्या माणसांनी कारखाना चालवावा, पोलाद ओतावं, सिग्नल पाडावा, आणि संध्याकाळी मुकाट घरी जावं.

सायबेरियाच्या रेल्वेचा व्लादिवोस्तोकला शुभारंभ केला तो युवराज निकोलसनं, मे १८९१मध्ये. पूर्वेच्या सफरीत १८९०च्या डिसेंबरात तो आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता. पुढं जपानमध्ये एका पोलिसानं त्याच्या डोक्यावर तलवारीचा वार केला. ती जखम घेऊन तो व्लादिवोस्तोकला उतरला आणि त्यानं मातीची एक हातगाडी भरून ओढली. त्याच उन्हाळ्यात व्होल्गाकाठची पिकं करपली. आदल्या अर्थमंत्र्यानं धान्य निर्यात वाढवून तिजोरीत सोनं साठवलं होतं. आपण अर्धपोटी राहू पण माल बाहेर पाठवू, असं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. ऐन सुगीत कर वसूल करायचा, म्हणजे शेतकरी पडत्या भावात धान्य विकणारच. कणगी रिकामी होती तेव्हाच दुष्काळ आला. निर्यातीवर बंदी घालायला सरकारनं उशीर केला. भूक आणि पाठोपाठच्या कॉलऱ्यानं चारेक लाख माणसं गेली असं मानतात. रुळांवरून धान्य आत येण्याआधी बाहेर गेलं. आपल्या दख्खननं १८७६-७७ला हेच भोगलंय, तेव्हा आणखी सांगायला नको.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते १८८७चं परिपत्रक. शिक्षणमंत्री देल्यानोवनं काढलेलं. गाडीवान, नोकर, स्वयंपाकिणी, धोबिणी, किरकोळ दुकानदार यांच्या मुलांना माध्यमिक शाळांत घेऊ नका, कारण ही मुलं आपल्या पायरीवरून उगाच वर खेचली जातात. रशियात त्याचं नावच पडलं, स्वयंपाकिणीच्या पोरांचं परिपत्रक. आणि त्याच साम्राज्यात दहा-बारा वर्षांत विट्टे आपल्या अर्थखात्यातून, शिक्षणखात्याला बाजूला ठेवून, व्यापारी शाळा आणि तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्था उघडत होता. इंजिनियर हवेत, पण स्वयंपाकिणीचा पोर शिकायला नको.

आबांनी इंजिन आणलं त्याच वर्षी थोरल्या आत्याला शाळेतून काढलं. सातवीला होती, फायनलला बसणार होती. पुढची शाळा तालुक्याला, आणि पोरीला तालुक्याला कसं धाडायचं. काकांना मात्र पुढं सांगलीला इंजिनियरिंगला घातलं. गंमत अशी नाही, दुःख असं की इंजिनाची खरी जाण होती आत्याला. हँडल कसं मारायचं, दोन-तीन फेरे जोरात फिरवून नेमका कधी खटका सोडायचा, हे तिला गडीमाणसांपेक्षा चांगलं जमायचं. काळा धूर भक्कन बाहेर पडायचा, पट्टा फडफडत फिरायला लागायचा, आणि मग तो ठेका, टुक टुक टुक, थेट ओढ्यापलीकडे ऐकू जाणारा. नुसत्या आवाजावरून ती सांगायची की डिझेल संपत आलंय. आबांना याचं काही वाटायचं नाही. पोरगी इंजिन चालू करते म्हणून त्यांनी तिला कधी अडवलं नाही, उलट हाक मारून बोलावत. तेलकट हात चालले. पाटी चालली नाही. मी आबांच्या मांडीवर वाढले, त्यांच्या धोतराला यायचा तो डिझेलचा आणि तंबाखूचा वास मला अजून आठवतो. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि आत्याच्या शाळेचा विषय निघाला की मला त्यांना माफही करता येत नाही. कदाचित म्हणूनच मी त्या लांबच्या झारांबद्दल इतकं वाचत बसते.

१९०४ साली बैकल सरोवराचा टप्पा अजून जोडायचा होता आणि जपानशी युद्ध पेटलेलं. त्या हिवाळ्यात सरोवराच्या बर्फावर रूळ टाकून घोड्यांनी डबे ओढले. त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत रशियन शेतकऱ्याला गावच्या न्यायालयाच्या हुकमानं फटके मारता येत होते. कायद्यानं. कारखान्यात यंत्रावर उभा असलेला मजूरसुद्धा कागदोपत्री बहुधा शेतकरीच असायचा. त्याचा परवाना गावाकडून यायचा, आणि गावी परतल्यावर त्याच्या पाठीवर छडी पडू शकत होती. मुलगा जन्मला त्या आनंदात झार निकोलसनं ही शिक्षा बंद केली. ती बंद करायला बारशाचा मुहूर्त लागला, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

मग १९०५. जानेवारीत पीटर्सबर्गला, झारचे फोटो आणि चर्चच्या तसबिरी हातात घेऊन निघालेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या. ऑक्टोबरात मॉस्को-कझान मार्गावरच्या रेल्वेवाल्यांनी संप पुकारला आणि बघता बघता साऱ्या साम्राज्याची चाकं थांबली. विट्टेनं आयुष्य घालून बांधलेले ते रूळ. झार राजधानीबाहेर पीटरहॉफला होता, आणि त्याला भेटायला विट्टेला बोटीनं जावं लागलं. गाड्याच नव्हत्या. मी त्या बोटीवरच्या विट्टेचा फार विचार करते. पाण्यावरून जाताना काठावरच्या शांततेत त्याला काय ऐकू येत असेल? त्यानं झारपुढं दोनच वाटा ठेवल्या: हुकूमशहा नेमून बंड चिरडा, नाहीतर नागरी हक्क आणि निवडलेली दूमा, म्हणजे संसद, द्या. झारनं सही केली १७ ऑक्टोबरला. बोर्कीच्या अपघाताला त्याच दिवशी सतरा वर्षं झाली. बापानं छत पेललं त्या डब्यात निकोलसही होता, आणि सहीच्या दिवशीच्या डायरीत त्यानं अपघाताच्या स्मरणदिनाची नोंद केलेली आहे. अशा दिवसानंतर डोकं जड झालं, असंही लिहिलंय. दोन दिवसांत पोबेदोनोस्त्सेव पायउतार झाला. सहा महिन्यांत विट्टेलाही पद सोडावं लागलं. झारनं त्याला ती सही कधी माफ केली नाही.

नंतर पंतप्रधान म्हणून स्तोलिपिन आला. त्यानं शेतकऱ्याला गावकीच्या सामाईक जमिनीतून मोकळं व्हायची वाट दिली, लाखो कुटुंबांना सायबेरियात जायला मदत केली, आणि १९०७मध्ये दूमा बरखास्त करून मताचा हक्क जमीनदारांकडे झुकवला. पुन्हा तेच दोन हात. स्थलांतर करणाऱ्यांसाठी त्यानं रेल्वेचे खास डबे बनवले होते, अर्ध्यात माणसं, अर्ध्यात गुरं आणि अवजारं. पुढं स्तोलिपिनच्याच नावाच्या डब्यांतून कैदी नेले जायला लागले. प्रोकुदिन-गोर्स्कीचा तो काळोख्या खोलीचा डबा याच वर्षांत, याच रुळांवरून फिरत होता, आणि ठिकठिकाणी माणसांना उभं करून सांगत होता, हलू नका.

परवा भाचीला घेऊन थोरल्या आत्याकडे गेले होते. आता ऐंशीच्या घरात आहे, गुडघ्यांनी हैराण, पण कान अजून तिखट. मोबाइलमध्ये आमचा तो घरचा फोटो होताच. भाचीनं तो मोठा करून तिच्यापुढं धरला आणि थेट विचारलं, "तुम्ही का हललात?" इतक्या वर्षांत आम्ही कुणी हे तिला विचारलं नव्हतं. आत्यानं चष्मा वर सरकवला, त्या पांढऱ्या फराट्याकडे बघितलं.

"इंजान बंद पडलं हुतं," ती म्हणाली. "ठेका तुटला. मी वळून बघितलं."

"मग तुम्हाला ओरडले?"

"आबा? न्हाई गं," आत्या म्हणाली. "फोटूवाला लई चिडला. आबा म्हणले, जा पळ, बघ काय झालंय."